जलीबच्या खोलीतलं मृत्यूचं सोंग

कुवेतला फिरायला म्हणून कोण जातं? मीही गेले नसते. पण माझी मावसबहीण मंजू तिथे राहते, तिचे यजमान मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर आहेत, आणि तिथल्या मराठी मंडळींना मध्ययुगीन युरोपातल्या रंगभूमीवर कुणीतरी बोलायला हवं होतं. कोल्हापूरच्या कॉलेजात मी हेच शिकवते. शिवाय माझा जुना विद्यार्थी विनायक तिकडे एसी मेकॅनिक आहे. मी येणार हे कळल्यावर त्याचा फोन आला, "मॅडम, तुम्ही वर्गात सांगायचात ना, सुतार-लोहारच नाटकं करायचे म्हणून? आम्ही बसवलंय. शुक्रवारी खोलीवर या." तो फोन आल्यावर मी तिकीट काढलं.

टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून विमानाला चार तास लागतात. जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, हवा सोसते. मी पोचले त्या दिवशी मात्र धूळ उडत होती आणि सूर्य मळक्या बल्बसारखा दिसत होता. मंजूच्या घराच्या खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, माझं व्याख्यान झालं. समोसे होते, स्लाइड होत्या. त्या काळी युरोपातल्या गावांत नाट्यगृहं नव्हती, हे मी सांगितलं. एकेका धंद्याची मंडळी बायबलातली एकेक कथा वाटून घेत. प्रलयात तरलेली नोहाची नाव जहाजं बांधणारे करत. काही गावांत गाड्यांवर रंगमंच उभारून ते चौकाचौकांत ओढत नेत. नरकाचा दरवाजा म्हणजे श्वापदाचा मोठा जबडा, त्यातून धूर काढत. प्लेगनंतर मृत्यूचा नाच सगळीकडे दिसू लागला. सांगाड्याच्या रूपातला मृत्यू येतो आणि राजा, धर्मगुरू, व्यापारी, शेतकरी अशा एकेकाचा हात धरून त्याला घेऊन जातो. चर्चच्या भिंतींवर ही चित्रं आहेत, आणि त्याचे प्रवेशही होत असावेत, असं अभ्यासक मानतात.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "बट व्हाय वुड एनीवन वॉच दॅट फॉर फन?"

तिच्या आईने तिला दटावलं. मी हसून उत्तर दिलं, की भीतीचं सोंग केलं की भीती आटोक्यात येते. टाळ्या पडल्या.

गुरुवारी दुपारी विनायकचा फोन आला. आवाज बसलेला होता. "मॅडम, आमच्या खोलीतले भास्करदादा गेले. सकाळी उठलेच नाहीत. हार्ट अटॅक म्हणतायत."

मी म्हटलं, "अरे, मग उद्याचं राहू दे."

"नाटकाचं नाही म्हणत मी. तुम्ही या फक्त. इथे कुणाला काय करावं सुचत नाहीये."

मंजूने सांगितलं, एकटी जाऊ नकोस. तरी त्याच संध्याकाळी मी एकटीच टॅक्सीने गेले. जलीब अल शुयूख या कामगारांच्या वस्तीत शिरताच रस्ते खड्ड्यांचे होतात, सांडपाणी वाट अडवतं, आणि जिकडे पाहावं तिकडे पुरुषच पुरुष. ड्रायव्हर लखनौकडचा होता. "मैडम, इधर लेडीज़ लोग नहीं आते," म्हणाला, आणि विनायक दिसेपर्यंत गाडी थांबवून बसला.

खोली म्हणजे दुमजली लोखंडी पलंग आणि मधली चिंचोळी जागा. विनायक सोडला तर सगळे कुडाळ, सावंतवाडीकडचे सुतार. खालच्या एका पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. खैतानमध्ये शिवणकामाचं दुकान असलेले इस्माईलभाई आले होते. ते दापोलीचे. मृत्यूचा काळा झगा त्यांनीच शिवला होता. विनायकला आधी नोहाची गोष्ट करायची होती, पण इस्माईलभाई म्हणाले होते, "नूह आमचे पैगंबर, बाबा. त्यांचं सोंग नको." म्हणून मृत्यूचा नाच ठरला. त्यांनी राजाच्या जागी मुदीर घातला, म्हणजे साइटवरचा मॅनेजर. व्यापाऱ्याच्या जागी ठेकेदार. शेवटी सुतार. सुतार भास्करदादा करत.

"काय बोलायचे ते?" मी विचारलं.

"मृत्यू हात पुढे करतो," विनायक म्हणाला, "आणि दादा म्हणायचे, थांब जरा, हातातलं काम संपवून येतो. दर तालमीला वेगळं काम. एकदा म्हणाले, तुझ्याच शवपेटीचं झाकण बसवतोय, घाई करू नको. आम्ही हसून लोळायचो."

मग पलंगाच्या कडेला बसलेला एक दांडगा माणूस म्हणाला, "करूया. दादांनी एवढी मेहनत घेतली."

इस्माईलभाईंनी पिशवीतून झगा काढला. विनायकने तो चढवला. मी दाराशी स्टुलावर बसले. मुदीराने आरडाओरडा केला, ठेकेदाराने फोनवर फोन लावले, मृत्यूने दोघांना ओढत नेलं. कामं चांगली होती. मग विनायक गुंडाळलेल्या गादीसमोर आला आणि त्याने हात पुढे केला.

तो हात तसाच राहिला. खाली घेणं त्याला जमेना. विनायकचा चेहरा झग्याच्या टोपात दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. शेवटी इस्माईलभाई उठले, त्यांनी त्याचा हात धरून खाली केला आणि झगा काढून घेतला. "बस, बाबा. झालं नाटक."

भीती आटोक्यात येते, असं मी आदल्याच दिवशी सांगून टाळ्या घेतल्या होत्या. त्या खोलीत भीती पलंगापलंगावर बसलेली होती. तिथला प्रत्येक जण मनात म्हणत होता, माझी गादी कोण गुंडाळेल?

निघताना विनायकने विचारलं, "मॅडम, तुमचं विमान कधी आहे? दादांसोबत मुंबईपर्यंत आपलं कुणीतरी असतं तर..." कुणालाच सुट्टी मिळणार नव्हती. मी तिकीट पुढे ढकललं. वाळवंटातली सहल, म्युझियम, सूक म्हणजे तिथला जुना बाजार, सगळं राहिलं. त्याबद्दल काही विचारू नका, मला माहीत नाही.

कागदपत्रं व्हायला पुढचा आठवडा गेला. शवागाराच्या आवारात खोलीतले सगळे कामाच्या कपड्यांत, साइटवरून अर्ध्या तासाची परवानगी काढून आले होते. त्यांनी फुलं आणली नव्हती. पेटी गाडीत चढवताना त्या दांडग्या माणसाने कोपऱ्याच्या सांध्यावरून हात फिरवला, आणि मग तो मागे सरला. विमानात मी वर होते, दादा खाली. शेजारचा प्रवासी म्हणाला, "शॉपिंग झालं का?" मी मान हलवली.

मुंबईत त्यांच्या मेव्हण्याने पेटी ताब्यात घेतली. माझं काम तिथे संपलं होतं. तरी पंधरवड्यानंतर एका रविवारी मी कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून कुडाळजवळच्या त्यांच्या गावी गेले. रस्ता बरा आहे. घाटात चहाशिवाय काही मिळत नाही.

त्यांच्या पत्नी अंगणात बसल्या होत्या. भास्करदादा किती वर्षं तिकडे होते, घरी किती कमी आले, हे सगळं त्यांनी कोरडेपणाने सांगितलं. मी नाटकाचा विषय काढला तेव्हा त्यांना वाटलं, मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे.

"हय दशावतारात लोकां बोलवीत तेंका. कधी उभे रवले नाय. लाजत."

मी सांगितलं, तिकडे ते सुतार व्हायचे, मृत्यूला थांबवून ठेवायचे, आणि अख्खी खोली हसायची.

"ते हसवीत? लोकांक?" मग दाराकडे वळून त्यांनी मुलीला हाक मारली. "गो मनाली, भायर ये. ह्यो बाई काय सांगतत आयक. बाबा नाटकात लोकांक हसवीत."

मुलगी आली आणि आईच्या शेजारी टेकली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.