मागच्या दाराची कडी

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, एक माझे सोडून. शाळा चर्चची, चौथीपर्यंतची, खाडीच्या अलीकडे. मी मूळची तळा गावाकडची, घरी बुद्धवंदना म्हणणारी. रुजू झाले तेव्हाच सिस्टरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, पोरांवर लक्ष ठेवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मिटल्या डोळ्यांनी शेजाऱ्याला चिमटा काढण्यात तिसरीची मुलं पटाईत असतात, आणि त्यात कुठलाच धर्म मागे नाही.

प्रार्थनेत एक रीत आहे. रोज एक मूल माइकपाशी येऊन आपली विनंती सांगतं. आजोबांचा गुडघा, हरवलेलं मांजर, काहीही. मग सगळी शाळा एका सुरात म्हणते, ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ देव ऐकतो की नाही ते मला सांगता येणार नाही. गाव मात्र ऐकतं. सकाळी गुडघ्याची विनंती झाली की दुपारपर्यंत कुणीतरी तेलाची बाटली घेऊन आजोबांच्या ओट्यावर हजर होतं. ही रीत मला आवडते, हे कबूल करायला हवं.

सिस्टर या विनंत्यांचे व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या. हेतू चांगलाच होता. इथले कितीतरी बाप जहाजावर नाहीतर आखातात असतात, त्यांना लेकराचा आवाज ऐकायला मिळायचा. मला ते पटत नव्हतं आणि मी तसं म्हणालेही होते. सिस्टर हसल्या. "बाई, प्रार्थनेत लपवण्यासारखं काय असतं?"

मग एके दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीची पाळी आली. तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "देवा, पप्पा जहाजावर आहेत. घरी मी, मम्मी आणि आजी. आजीला ऐकू येत नाही. मागच्या दाराची कडी तुटलीय. मम्मीला भीती वाटते. तिला झोप लागू दे."

शाळेने उत्तर दिलं, व्हिडिओ ग्रुपवर गेला. किती गोड मुलगी म्हणून लोकांनी तो पुढे पाठवला. पार बोर्ली पंचतनमधून माझ्या मावसबहिणीने तो मलाच पाठवला, खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी मागे बासरी लावली होती. इकडे गावातून दोन सुतार आणि एक हौशी काका हत्यारं घेऊन त्या घरी पोचले, आणि कडी कुणी बसवायची यावरून त्यांची जुंपली. शेवटी कडी बसली. सिस्टर खूश होत्या.

त्याच आठवड्यात मुलीच्या आईला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘कडी बसवली का?’ तिला वाटलं, ओळखीचंच कुणी असेल. मग दुसरा आला. ‘मिस्टर कधी येणार?’

ती शाळेत आली आणि फोन तिने सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. "कडी बसली सिस्टर," ती म्हणाली, "पन माज्या घरात कोन हाय, कोन न्हाय, ते आता कुनाकुनाला ठाऊक हाय, त्ये तुमी सांगा मला."

नंबर बहुधा ग्रुपवरूनच गेला होता, तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसत होते. मेसेज तसेच ठेवून मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. त्यांनी लिहून घेतलं, तो नंबर पुढे बंदच लागला. तो माणूस भला होता की वाईट, हे आजही कुणाला माहीत नाही. सिस्टरांनी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो किती फोनांत जाऊन बसला होता, देव जाणे.

मग शाळेत ऑनलाइन सुरक्षेचा तास सुरू झाला. वरातीमागून घोडं. तास माझ्याकडे. आई-बाबा घरी नाहीत हे अनोळखी माणसाला सांगायचं नाही, असं मी सांगत होते, तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला. "बाई, मग मी चुकले?"

मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. "तू देवाला सांगितलंस," मी म्हटलं. "ते बाहेर पाठवलं मोठ्यांनी. तू नाही चुकलीस." तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. पुढच्या पाळीला ती जागची उठलीच नाही. आई म्हणाली, "घरी पन झोपताना प्रार्थना करत न्हाय. म्हनते, कोन ऐकत असंल काय ठाऊक."

हे मी सिस्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या माइकपाशी गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "तुमच्या विनंत्या मी तुम्हाला न विचारता बाहेर पाठवल्या. माझं चुकलं." मग आपला फोन त्यांनी वेताच्या टोपलीत ठेवला. रविवारी चर्चमध्ये दान गोळा करायची ती टोपली. शिक्षकांचेही फोन त्यात गेले. तेव्हापासून प्रार्थनेआधी टोपली फिरते. पोरांना त्यात भलतीच मजा वाटते.

त्या मुलीने बरेच दिवस लांबूनच पाहिलं. मग एका सकाळी पाळी आली तेव्हा ती उठली. माइकपाशी गेली, पण डोळे मिटले नाहीत. आधी सिस्टरांच्या हातांकडे पाहिलं, मग एकेका शिक्षकाच्या. माझ्याही. मग डोळे मिटून हळूच म्हणाली, "माझी विनंती मनात आहे." जरा वेळ ओठ हलले. सगळी शाळा थांबली, आणि मग एका सुरात नेहमीचं उत्तर आलं.

वर्गाकडे जाताना तिने माझा पदर ओढला.

"बाई, तुम्ही डोळे उघडे ठेवता ना?"

"हो."

"कुणी फोन काढला नाही ना?"

"नाही. मी बघत होते."

"मग पुढच्या पाळीला मोठ्याने सांगेन," ती म्हणाली, आणि रांगेत शिरली.