खाचर नसलेली शेती

इतिहासाच्या तासाला फाटे फोडायची माझी जुनी सवय. हेडमास्तर वैतागतात, वैतागोत बापडे! त्या दिवशी सातवीला जपानची गोष्ट सांगत बसले. युद्ध हरल्यावर तिथे परक्या सैन्याचा अंमल आला. युद्धाचे गोडवे गाणारे धडे काढायचं ठरलं, पण नवी पुस्तकं छापायला कागद कुठला? मग शिक्षक ओळी दाखवायचे आणि पोरं आपल्याच हातांनी त्यांच्यावर काळी शाई फासायची. काही पानं तर पुरती काळी झाली.

वर्ग खूश! "बाई, आमाला पण शाई द्या ना!"

"आपल्या पुस्तकात काही खोटं सापडलं तर आणा," मी ऐटीत म्हटलं, "मी स्वतः खोडीन."

मागच्या बाकावरची मुलगी उठली. डोंगरावरच्या वाडीची, हुशार पोर. पण महिनाभर तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं, आणि आमची शाळा सातवीपर्यंतच, पुढे तिला घरीच बसवणार, असं तिच्या वडिलांनी मला निरोप पाठवून कळवलं होतं. तिने टेबलावर आमच्या तालुक्याची माहितीपुस्तिका ठेवली. मीच लिहिलेली! एका ओळीवर बोट टेकवलं: 'वाडीवरचे लोक शेती करत नाहीत, ते रानावर जगतात.'

"हे खोडा."

माझं डोकंच फिरलं. "अगं, खाचर आहे का तुमचं? भात लावता?"

"भात नाय. नाचणी हाय, वरी हाय, उडीद हाय. उताराला. बाबा दिसभर कुदळ मारतो. तोंडी परीक्षेत मी बाबाचं काम 'शेती' सांगितलं, तर तुमी चूक दिली. सगळी हसली. बाबा बोलला, जिथं माझं कामच चूक, तिथं शिकून काय करनार?"

अरे देवा! मी लोधिवलीची, भातवाल्या घरातली. आमच्यात बांध घातलेलं खाचर म्हणजे शेती. डोंगरउतारावरचं ते वरकस, त्याला कोण विचारतो? आणि कर्जतच्या बाजारातून नाचणी मात्र वाडीवरच्या बायांकडूनच घ्यायची, वर घासाघीसही करायची. मला लाज वाटली. खरंच लाज वाटली.

पेन उघडून ओळ काळी करायला गेले, तर तिने पानावर पंजा ठेवला.

"काळी नको बाई. वाचता आली पायजे. एकच रेघ मारा, खाली खरं लिवा आन् सही करा. नायतर बाबाला कसं कळंल, तुमीच चुकलेल्या ते?"

घ्या! पोरीने माझीच शिकवणी घेतली. मी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'वाडीवरचे लोक डोंगरउतारावर नाचणी, वरी, उडीद पिकवतात. ते शेतकरी आहेत. आधी मी चुकीचं लिहिलं होतं.' सही केली. तोंडी परीक्षेतली चूकही बरोबर केली. मग कपाटातल्या सगळ्या प्रती काढून वर्गाने तसंच केलं, आणि ती आपली प्रत घेऊन डोंगर चढून घरी गेली.

दोन दिवसांनी तिचे वडील खाली आले. आत या म्हटलं तरी पायरीवरच उभे. पुस्तिका पुढे धरून म्हणाले, "वाचा."

मी मोठ्याने वाचलं. खोडलेलं आधी, मग खालचं.

"परत."

परत वाचलं. त्यांनी पुस्तिका शर्टाच्या आत सरकवली आणि वर्गात लेकीकडे बघत विचारलं, "बाई, आठवीला हिला कुठं घालायची? नेरळला, का कर्जतला?"