रिकामी सुई

माझा उजवा हात वर जाईनासा झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या थोरल्या जावेला झाला. तोंडाने ती अरेरे करत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फणी आणि तेलाची वाटी घेऊन ज्या उत्साहाने ती माझ्यामागे येऊन बसली, त्यावरून मी काय ते ओळखलं. एका घरात राहूनही मी तिला कधी माझ्या कपाटाला हात लावू दिला नव्हता. आता माझं डोकंच तिच्या ताब्यात आलं होतं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी रत्नागिरीत एका वकिलाकडे टायपिंग करायचे. दिवसभर मान खाली आणि खांदे वर. खांद्यामागे गाठ धरली होती, आणि हात जरा वर नेला की कळ यायची. टायपिंग जमत होतं, पोळ्या लाटता येत होत्या, फक्त अंबाडा घालता येत नव्हता. नवरा मुंबईला नोकरीला. त्याने फोनवर बराच विचार करून बाम सुचवला.

जाऊ विंचरता विंचरता बोलायची. शेजारच्या सुनेची नोकरी, माझ्या माहेरची माणसं, माझे गळणारे केस. मी जरा मान हलवली की "गप बस गो" म्हणून पेड आवळायची. केस कापून टाकायचं माझ्या मनात आलं होतं. पण तिला कंटाळून कापले असं झालं असतं, आणि तेवढी किंमत मला तिला द्यायची नव्हती.

अशात बाजारात औषधांच्या दुकानाच्या माडीवर एका फिजिओथेरपिस्टने दवाखाना थाटला. पुण्याची, तरुण, बोलायला लागली की समोरच्याला वर्गात बसल्यासारखं वाटावं अशी. तिने बोटांनी माझ्या खांद्यातली गाठ बरोबर पकडली आणि केसासारखी बारीक सुई आत घातली. पाटीतला मासा उडावा तसा आतला स्नायू उडाला. मी ओरडले. पण तिसऱ्या खेपेला माझा हात कानापर्यंत गेला. अजून थोडा गेला की मी सुटले! त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी चक्क गुणगुणत होते.

जाऊ शेजारीच बसली होती. दुखऱ्या हाताने एकटीने जाणं बरं दिसत नाही म्हणून ती प्रत्येक वेळी सोबत यायची. पुढच्या खेपेला तिने पडद्याआडून आत डोकावून पाहिलं आणि बाहेर जाऊन बाकांवरच्या लोकांना सांगितलं, "अगो, सुईत औषधच नाय! नुसती टोचते नि काढते."

आमच्याकडे डॉक्टरने सुई मारली नाही तर माणूस बरा होत नाही, आणि सुई म्हणजे आत औषध. ताप असो की पाय मुरगळलेला असो, लोक एसटीने येऊन हात पुढे करतात. सुई कोरडीच असते, ती स्नायूसाठी असते, हे त्या बाईने मला दोनदा समजावलं होतं. बाहेरच्यांना कोण समजावणार? मिरकरवाड्याची एक मासेवाली कंबर धरून उठली. दुबईहून सुट्टीवर आलेला एक ड्रायव्हर "फसवतात हो" म्हणत तिच्यामागून जिना उतरला. आठवड्याभरात बाकं रिकामी झाली.

मी त्या पुण्याच्या बाईला सरळ सांगितलं, "एक लाल पाण्याची बाटली ठेवा. सगळ्यांसमोर सुई त्यात बुडवा. उद्या रांग लागेल."

"मी पेशंटशी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली.

काय हा ताठा! गाव मूर्ख, आणि ही त्याहून मूर्ख. बाटलीभर रंगीत पाण्यासाठी तिने माझा हात अर्ध्यावर सोडला. दवाखाना गुंडाळून पुण्याला परत जाताना भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम तेवढा शिकवून गेली. मी रोज भिंत चढले. हात कानाशीच अडला. तशी सुई टोचणारं गावात पुढे कुणी आलं नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. सासू-सासरे गेले, दीर गेले, नवरा मुंबईतच राहिला, मुलं आपापल्या कामाला बाहेर पडली, घरात आम्ही दोघीच उरलो. माझा हात अजून कानापर्यंतच जातो. तिथून पुढचं काम जाऊ करते. तिला नीट दिसत नाही, भांग वाकडा पडतो. पण जीभ शाबूत आहे. केस मुठीत धरून ती रोज सकाळी म्हणते, "बघितलंस? मी तेव्हाच सांगितलं होतं. रिकाम्या सुईने कधी हात बरा होतो काय?"

उत्तर द्यायला मी मान वळवू लागते, आणि ती पेड आवळते.