तळणीचा वास गेला त्या दिवशी

माझा मामा वापरलेलं तेल नाकाने ओळखतो. खाणावळीतून आणलेल्या डब्याचं झाकण उचलणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार, "हं... कोपऱ्यावरची खाणावळ. कालचे मासे. स्वयंपाकी घाईत होता." घाई नाकाला कशी कळली, हे विचारायची आमची छाती नाही. ते तेल गाळायचं, रसायन घालायचं, साका खाली बसू द्यायचा; वरचं इंधन शाळेच्या बसला. बस गेली की गल्लीभर तळणीचा वास. "ही टाकाऊ तेलाची पावती!" मामा छाती फुगवून सांगायचा.

सगळं छान चाललं होतं. पण मामाच्या साडूने, म्हणजे मामीच्या बहिणीच्या नवऱ्याने, एक जुनी बस बॅटरीवर चालवून दाखवली आणि मामाचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"ती बस आहे की मांजर? पावलं न वाजवता येते!"

"भाऊजींच्या बसमध्ये कपड्यांना वास लागत नाही हो," मामी म्हणाली.

"मग जा, तिथेच राहा!"

शाळेच्या चारही बस यंदा एकाच्याच हाती जाणार होत्या. चढावर दोघांनी एकेक फेरी मारायची आणि मुख्याध्यापिका बाईंनी ठरवायचं. आदल्या दिवशी मामा बाजारातून नव्या पामतेलाचे पाच डबे घेऊन आला. "उद्या माझाही धूर बिनवासाचा! बघू साडूचं तोंड."

फेरी झकास झाली. बाई बसच्या मागे गेल्या, हवा हुंगली, पुन्हा हुंगली.

"तळणीचा वास कुठे गेला?"

"नवंकोरं तेल आहे, बाई!" मामा नवरदेवासारखा उभा.

"म्हणजे खायचं तेल जाळलंत? अहो, या तेलाच्या बागांसाठी जंगलं साफ करतात. तुमच्याकडे टाकाऊ तेल आहे म्हणून तर आम्ही तुम्हाला बोलावलं होतं!"

"ते चार बसना पुरत नाही..." मामाच्या तोंडून निसटलंच.

शेवटी बाईंनी एकालाच सगळ्या द्यायचा बेत सोडला; तीन बस साडूला गेल्या. टाकाऊ तेल पुरेल तेवढी एक मामाकडे राहिली.

मामाचा चेहरा पाहून साडूच म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. माझी वीजही कोळशाचीच येते. छपरावर सौर पॅनेल बसेपर्यंत मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही."

मामाचे डोळे लकाकले. "कोळशाची?"

"हो."

"म्हणजे धूर आहे! फक्त लांब सोडतोस!"

त्या दिवशी मामा पोटभर जेवला. हल्ली रोज सकाळी साडूच्या छपराकडे मान वर करून बघतो; पॅनेल अजून आलेली नाहीत, याची खात्री करतो आणि मगच डब्याचं झाकण उघडतो.