चुन्यात गेलेलं साळिंदर

माझे सासरे भिमाजी वराळ्यात कातडी कमवायचे. मावळातल्या निम्म्या विहिरींवर आपल्या हातच्या मोटा चालतात, असं ते स्वतःच सांगत. निम्म्या नसतील, पण बऱ्याच चालत हे खरं. बैलाचं कातडं विकत घेताना ते आधी डोळे मिटून वास घेत, मग कोपरा चिमटीत धरून ओढत, आणि बैल कशानं मेला ते मालकालाच सांगत. चुकतही असत, पण सांगत अशा थाटात की मालक बिचारा मान डोलवी.

चुन्याचं टाकं मात्र माझ्या सासूबाईंच्या, मुक्ताबाईंच्या ताब्यात होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणे आणि सासऱ्यांना मामंजी. कातडं चुन्याच्या पाण्यात किती वेळ ठेवायचं, हीच आमच्या धंद्यातली खरी मेख. कमी राहिलं तर केस निघत नाहीत, जास्त राहिलं तर कातडं सडतं. आत्याबाई हात बुडवून चाचपत आणि "काढा" म्हणत. त्यांनी म्हटल्याशिवाय मामंजी काढत नसत. चुन्यानं आत्याबाईंचे हात पांढरे पडून भेगाळले होते, आणि त्या हातांचा त्यांना अभिमान होता.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट असेल. लोणावळ्याला बंगला असलेल्या एका वकिलांना शिकारीचा नाद होता. भुशीच्या रानात मारलेल्या साळिंदराचं कातडं ते मीठ लावून घेऊन आले. काट्यांसकट कमावून हवं होतं, दिवाणखान्यात भिंतीवर लावायला. मामंजींनी जन्मात साळिंदराला हात लावला नव्हता. तसं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही म्हणायला यांची जीभ वळेल तर शपथ! "दिवाळीच्या आत न्या सायेब," म्हणून मोकळे झाले.

साळिंदर काटे फेकून मारतं, असं आमच्याकडे सगळेच मानत. त्यावरून मामंजींनी ठरवून टाकलं, की ज्या कातड्यातून काटा इतक्या जोरानं सुटतो ते बैलापेक्षा चिवट असणार. आतून चरबीचा थर होता. तो सुटावा म्हणून त्यांनी चुना सांगितला.

आत्याबाईंनी ओलं कातडं हातावर घेऊन बघितलं. "अवो, ह्ये जुन्या लुगड्यावानी हाय. चुन्यात टिकायचं न्हाई. आन ज्याचं क्यास ठिवायचं त्ये कातडं आपून कवा चुन्यात घालतो?"

"काटं म्हंजी क्यास हाय व्हय? घाल म्हनलं ना."

त्यांनी घातलं. संध्याकाळी त्या "काढा" म्हणाल्या, तर मामंजी म्हणाले, राहू दे सकाळपर्यंत. सकाळी काटे मुठीमुठीनं हातात आले, आणि भोकांच्या रांगेवरून कातडं टराटरा फाटत गेलं.

वकील आले ते मित्रांना घेऊन. मोटारीपाठोपाठ गावही अंगणात जमलं. मामंजींनी तो फाटका तुकडा पुढं केला आणि म्हणाले, "बायकूच्या हातात दिलं सायेब, तितंच चुकलं. चुन्यात जास्ती ठिवलं तिनं."

आत्याबाई टाक्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा मामंजींकडे बघितलं आणि पदर डोक्यावर ओढला. "बायकांच्या हाती असली कामं देऊ नयेत," असं हसून म्हणत वकील मूठभर काटे घेऊन निघून गेले. मला मामंजींची इतकी लाज वाटली की दुपारी त्यांना वाढताना मी मान वर केली नाही.

मग काय, गावाला विषयच मिळाला. नवलाख उंबरे गावचे अंबाजी नवी मोट करायला सांगायला आले तेव्हा म्हणाले, "भिमाजी, मुक्ताबाईचा हात लागू देऊ नगा बरं का!" मामंजी त्यावर हसले. हसले, म्हणजे बघा! त्या दिवसापासून आत्याबाईंनी टाक्यात हात घातला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माजा हात वाईट हाय."

मामंजींना लाज आतून खात होती. बाजारात कातड्याचा वास घेणं त्यांनी सोडलं. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसत. एवढी लाज वाटत होती तर तोंड उघडायचं होतं, पण तेवढं होत नव्हतं.

थंडीत आमच्या शेजारच्या हौशीरामांनी रताळ्याच्या वावरात एक साळिंदर मारलं. मामंजींनी त्याच्या पाठीच्या कातड्याचा तुकडा मागून आणला, धारदार पात्यानं आडवा कापला आणि उन्हात धरून मला हाक मारली. बैलाच्या कातड्यात धागे एकमेकांत दाट गुंतलेले असतात, घोंगडीसारखे. इथं धाग्यांचा नुसता पापुद्रा होता. काट्याचं मूळ तो ओलांडून पार खालच्या चरबीत उतरलेलं, आणि मुळामुळांच्या मधे धरून ठेवायला जवळजवळ काहीच नाही. मामंजींनी काटा धरला तर तो अलगद हातात आला. फेकण्याचा जोर त्या कातड्यात कुठून असणार?

"हिनं नुसता हात लावून सांगितलंवतं, पोरी," ते म्हणाले. "जुनं लुगडं म्हनली व्हती." त्यांचे डोळे भरून आले होते.

अंबाजी मोट न्यायला आले, तेव्हा मामंजींनी चार माणसांसमोर सगळं सांगितलं. चुना मी सांगितला, ती नको म्हणत होती, मी खोटं बोललो. अंगणात कुणी हसलं नाही. आत्याबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्याच्या म्होरं बोललासा, त्येला सांगा."

दुसऱ्या दिवशी मामंजी धुतलेलं धोतर नेसून तळेगावला गेले आणि लोणावळ्याची गाडी धरली. दिवेलागणीला परत आले ते ओट्यावरच बसले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तरी हात लावीनात.

"सांगितलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"सांगितलं. पायरीवर उभा ऱ्हाऊन समदं सांगितलं. तर म्हनले, कसलं साळिंदर? काटं पोरांनी खेळून मोडलं म्हनं. त्येंना काय बी याद न्हाई, मुक्ते. तुजं न्हाई, माजं बी न्हाई."

आत्याबाई आत गेल्या, ताट वाढून आणलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"मला हाय," त्या म्हणाल्या. "जेवा."