मेंबरचा हात

“हिला घ्या. हिचे दात बरे हायेत.”

मेंबरच्या कारभाऱ्यानं मला असं निवडलं. महारवाड्याच्या तोंडाशी आम्हा बायकांना रांगेनं उभं केलं होतं. तो लांब थांबून काठीच्या टोकानं एकेकीला दाखवत होता. बाजारात बैल घेताना जबडा उघडून बघतात. आमचा त्यानं उघडला नाही एवढंच. त्यासाठी हात लावायला लागला असता.

“उद्या नसरापूरला सभा हाय. पुण्याचे पाव्हणे येणार, फोटोवाला येणार. न्हाऊन यायचं. डोक्यावरनं पदर घ्यायचा. साहेबांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा आन् गप उभं ऱ्हायाचं. बोलायचं न्हाई.”

आमचं गाव मार्गासनीच्या अलीकडं, गुंजवणीच्या काठाला. मुलूख भोर संस्थानचा. राजेसाहेबांनी भोरला कौन्सिल काढलं होतं, आणि आमच्या भागातनं तिथं जो माणूस निवडून गेला होता त्याला सगळे मेंबरच म्हणत. शेकडो एकर जमीन. पुण्याला वकिली शिकून आलेला. अंगावर खादी, डोक्यावर पांढरी टोपी. पुण्याच्या सभांतून तो स्वराज्यावर बोलायचा, समतेवर बोलायचा, आणि ते छापून यायचं. निवडणुकीत मत शेतसारा भरणाऱ्याला. आम्हाला नव्हतं. पण मेंबर आमचा, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सभेला गेले. मांडवामागं कारभाऱ्यानं एक कोरा पितळी तांब्या भुईवर ठेवला. पाणी मेंबरच्या घरचं, त्यांच्याच गड्यानं भरून आणलेलं. तांब्या ठेवून तो मागं सरला आणि म्हणाला, “उचल आता.”

मी उचलला. तोवर त्या पाण्याशी माझा संबंध नव्हता.

मेंबरांनी माझ्या हातातनं तांब्या घेतला. बोटाला बोट लागू दिलं नाही. तो उंच धरून लोकांकडं वळून म्हणाले, “या भगिनीच्या हातचं पाणी मला गंगेसारखं आहे!” आणि वरनं धार धरून घोट घेतला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघितलं ते फोटोवाल्याकडं.

मांडवामागं कारभारी म्हणाला, “त्यो तांब्या घिऊन जा. साहेबांनी बक्षीस दिलाय.”

घरी येईपर्यंत मी हवेत होते. पितळेचा तांब्या! आमच्या वाड्यात कुणाकडं नव्हता. आयाबाया बघायला आल्या. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्यानं तांब्या हातात घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

“बक्षीस न्हाई, पोरी. बाटला म्हून दिला. मेल्या मानसाचं कापाड आपल्याला देत्यात, तसा.”

मला तिचा राग आला. म्हातारीला चांगलं काही बघवत नाही, असं वाटलं.

उन्हाळ्यात गुंजवणीचं पात्र आटलं. आम्ही वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचो. वरच्या अंगाला गावची गुरं बसायची. त्यांचं मूतशेण मुरून यायचं ते आमच्या झिऱ्यात. चावडीजवळ संस्थानच्या पैशानं बांधलेली विहीर होती. दगडी, बारमाही. तिच्या पायरीवर आमची सावली पडलेली चालत नव्हती. लांब घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरनं पाणी ओततील. दया आली नाही तर घागर उचलून परत.

माझ्या पोरीला हगवण लागली. वर्षाचीही नव्हती. डोळे आत गेले, रडायचं बंद झालं. मी भर दुपारी विहिरीशी जाऊन हात जोडले. “माय, एक घागर. पोर चाललीया माजी.” पाणी भरणारी बाई म्हणाली, “आत्ता सोवळ्यात हाय मी. सांजंला ये.”

तिथनं मी पळत मेंबरच्या घरी गेले. माझ्या हातचं पाणी प्यालेला माणूस. एक शब्द टाकला तर गाव ऐकेल. मेंबर ओसरीवर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी अंगणाच्या कडेला थांबले. जोहार घातला.

“साहेब, म्या नसरापूरला पानी दिलं व्हतं तुमाला. ती म्या.”

“हो का? बरं, बरं.”

मी पोरीचं सांगितलं. विहिरीचं सांगितलं.

“हे बघ मुली, असे प्रश्न एकेका घागरीनं सुटत नसतात. देशाचा प्रश्न आहे हा. मी कौन्सिलात बोलणार आहे तुमच्यासाठी. धीर धर.”

आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पोर जगली. कुणाच्या कृपेनं नाही. तिच्या हट्टानं जगली. पण मी वेडी, तरी मनात धरून बसले, साहेब कौन्सिलात बोलणार.

पावसाळा सरल्यावर माझ्या मालकांनी बातमी आणली. माझे मालक गावचे येसकर. चावडीची कामं, सांगावे, दवंडी, सगळं त्यांच्याकडं. चावडीत कानावर पडलं की भोरचे एक म्हातारे वकील कौन्सिलात ठराव मांडणार आहेत. संस्थानच्या पैशानं बांधलेल्या विहिरी सगळ्या जातींना खुल्या करा, असा. मी म्हणाले, “आपुन जाऊ. साहेब आपल्यासाठी बोलणार हायेत. त्ये म्या कानानं ऐकणार.”

पोर आत्याजवळ ठेवून आम्ही चालत निघालो. नसरापूरला नणंदेकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी भोरला पोचलो. कौन्सिलाच्या दारात पट्टेवाल्यानं अडवलं. आत बघणाऱ्यांना बाकं होती, पण आमच्यासाठी नव्हती. मालकांनी लई विनवण्या केल्यावर म्हणाला, “भाईर खिडकीपाशी बसा. गजाला हात लावायचा न्हाई.”

खिडकीतनं सगळं दिसत होतं. खुर्च्या, पागोटी, टोप्या, पुढं उंचावर अध्यक्ष. पहिला ठराव आला, कचेरीतल्या लोकांनी खादी वापरावी. मेंबर उठून बोलले. अध्यक्ष म्हणाले, बाजूनं कोण? सगळ्यांत आधी मेंबरचा हात वर. मग दारूबंदीचा आला. मेंबरचा हात वर. मग इंग्रजी मुलखात तुरुंगात पडलेल्या पुढाऱ्यांबद्दल काही होतं. अध्यक्षांनी ते मध्येच तोडलं, तरी मेंबर गरजले, “हा देश गुलाम राहणार नाही! माणसानं माणसाला गुलाम करणं हे पाप आहे!” बाकांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खिडकीबाहेर. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढा मोठा माणूस, आणि माझ्या हातचं पाणी प्यालेला.

मग विहिरीचा ठराव आला. म्हातारे वकील थोडकंच बोलले. आवाज चिरका होता. नंतर मेंबर उठले.

त्यांचं बोलणं मला अजून शब्दाला शब्द येतं.

“अस्पृश्यांविषयी माझी भावना कोणी मला शिकवू नये. मी स्वतः, हजारो लोकांसमोर, एका महार भगिनीच्या हातचं पाणी प्यालेलो आहे. पण सक्तीनं मनं बदलत नसतात. गावाची शांतता मोडेल. आज देशापुढं स्वराज्याचा मोठा प्रश्न असताना घराघरांत भांडणं लावणारा हा ठराव अकाली आहे. मी याला विरोध करतो.”

बाजूनं कोण? मोजके हात वर गेले. त्यात म्हाताऱ्या वकिलांचा.

विरुद्ध कोण?

मेंबरचा हात वर गेला. खादीच्या बाहीतला, गोरा, जाड बोटांचा. मघा गुलामगिरीवर टाळ्या घेतलेला तोच हात. इतर सगळे मागनं वर गेले.

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझ्या पोरीचे आत गेलेले डोळे समोर आले. आणि कळलं, मला त्या दिवशी मांडवात कशाला उभं केलं होतं. ह्यासाठी. ह्या खोलीत माझी ढाल करून तो माझ्यावरच वार करणार होता. आत्याचं बोलणं तेव्हा उमगलं.

मी उठले. गज दोन्ही हातांनी धरले आणि ओरडले, “त्ये पानी तुमच्याच घरचं व्हतं, साहेब! माज्या हातचं न्हाई! माज्या हातचं पिऊन दावा आत्ता! हितं, समद्यांच्या म्होरं!”

सगळ्या माना वळल्या. कुणी तरी फस्सकन हसलं. मेंबरांनी मान वळवली नाही. समोरचे कागद सारखे करत राहिले. अध्यक्ष म्हणाले, “काढा त्यांना.” पट्टेवाल्याची काठी माझ्या बोटांवर बसली तेव्हा गज सुटले.

परतीच्या वाटेला कापूरहोळपाशी मालक थांबले. मग एकदम म्हणाले, “त्येंच्या दर सभेची दवंडी म्या दिली. माज्या तोंडानं.”

थोड्याच दिवसांत कारभारी आला. मला वाटलं मारायला आला. पण तो गोड बोलला. “साहेबांचं मन मोठं हाय. झालं गेलं इसरले त्ये. पुण्याचे पाव्हणे परत येणार हायेत, आपल्याच गावात सभा. तूच तांब्या धर. औंदा लुगडंबी मिळंल.”

“न्हाई धरणार.”

“काय म्हनलीस?”

“न्हाई धरणार म्हनले. पानी प्यायचं तर त्येंनी माज्या घरला यावं. झिऱ्यातलं पानी हाय. त्ये प्यावं.”

आयुष्यात पहिल्यांदा मी एका मोठ्या घरच्या माणसाला नाही म्हणाले होते.  

“तुला मत न्हाई, मातेरं न्हाई. तुजं ऐकतंय कोण?” असं बोलून त्यानं मालकांना सभेची दवंडी द्यायचा हुकूम केला आणि गेला.

मालकांनी दवंडी दिली. मारुतीपाशी, चावडीपाशी, वरच्या आळीला. मी मागनं चालत होते. “ऐका हो ऐका! आठ दिसांनी मेंबरसाहेबांची सभा हाय हो! समतेवर भाषाण करणार हायेत हो! आन् भोरच्या कौन्सिलात इहिरीच्या ठरावाला साहेबांनी इरोधात हात वर केला हो! आमी डोळ्यांनी बगितला हो!”

वरच्या आळीच्या पुढं जाऊ दिलं नाही. मालकांना चावडीपुढं पाडून मारलं. डावा कान त्या दिवशी गेला, तो गेलाच. येसकरकी काढून घेतली. खळ्यावरनं आम्हाला मिळायचं ते धान्य बंद. दुकानदार मीठ देईना.

सभेसाठी कारभारी मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत महारवाडे फिरला. आमचं बोलणं त्याच्या आधी पोचलं होतं. एकही बाई गेली नाही. मला वाटलं, जिंकलो. पण शेवटी पुण्याच्या पाहुण्यांनीच तिकडून कुणा गरजू बाईला आणलं. तांब्या धरला गेला. मेंबर धार धरून पाणी प्याले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. पुढच्या निवडणुकीत मेंबर परत निवडून आले. म्हातारे वकील पडले.

त्यानंतर कौन्सिल भरलं की मी भोरला जाते. पट्टेवाला हाकलतो. मी आवाराच्या भिंतीशी बसते. बाहेर येणाऱ्या कारकुनांना, गाडीवानांना विचारत राहते, आमच्या मेंबरचा हात आज कशाला वर गेला? कुणी शिवी देतं, कुणी सांगतं. वेठबिगार बंद करायचा ठराव आला, तेव्हा मेंबर उठून बाहेर गेले, पान खाल्लं, मतं झाल्यावर आत आले. शाळेत आमच्या पोरांना ओसरीवर न बसवता आत घ्यावं, असा आला, तेव्हा हात विरोधात. त्याच आठवड्यात पुण्याला त्यांचं समतेवर भाषण झालं. जे कळेल ते मी वेल्ह्याच्या बाजारात उभी राहून सांगते. दोनदा दगड बसले. एकदा डोकं फुटलं. आता ऐकायला बाया थांबतात. आमच्याच नव्हे, कुणब्यांच्याही. वेठीला त्यांचेही नवरे धरले जातात.

विहीर अजून बंद आहे. माझी पोर आता मोठी झाली, तीही झिऱ्यावरच जाते.

आता म्हणतात इंग्रज जाणार, संस्थान मोडणार, सगळ्यांना मत मिळणार. मेंबरच सांगत फिरतात. परवा कारभारी आमच्या महारवाड्यात आला होता. ह्या वेळेला जवळ उभा राहिला. मला “बाई” म्हणाला. साहेबांनी तुमच्या लोकांसाठी किती केलं, हे मी सभेत सांगावं म्हणाला.

मी म्हणाले, “सांगीन. समदं सांगीन. कंच्या दिवशी कशाला हात वर केला आन् कशाला खाली ठेवला, त्ये समदं. बोलवा सभेला.”

तो गेला. परत आला नाही.

मत मिळालं तर मी ते कुणाला देईन, अजून ठरवलं नाही. जो येईल त्याला आधी मी विचारणार आहे. कुणाला देणार नाही, ते ठरलंय. मरेपर्यंत ठरलंय. आणि माझ्या पोरीला मी तेच शिकवून ठेवलंय.