भोजण्णाची पहिली चूक

उडुपीजवळच्या मलपे बंदरात बोटीच्या वायरिंगमध्ये भोजण्णाचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायची तो वाटच पाहत नसे. भोजा सालियन, वय त्रेसष्ट. अडतीस वर्षं याच जेटीवर. एकदा केलेल्या कामाला दुसऱ्यांदा कुणी बोलावलं नाही, असं तो येता-जाता ऐकवायचा. वाईट याचंच होतं की ते खरं होतं. नुसता बढाईखोर असता तर लोकांनी त्याला कधीच माफ केलं असतं.

जिभेला हाड नव्हतं. बॅटरीतलं पाणी आटलंय म्हणून कुणी बोलावलं तर विचारी, "घरच्या गुरांनाही सीझन संपल्यावरच पाणी दाखवतोस का रे?" मंगळूरहून शिकून आलेली, खिशात मीटर घेऊन फिरणारी मंडळी तर त्याच्या खास आवडीची. "मीटर बोलतो तेवढं हे बोलतात. मीटर मुका झाला की हेही मुके. मग भोजाला फोन."

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला दोन दिवस असताना गिरिजक्काचा निरोप आला. शीना कुंदरची ही बायको. शीना मार्चमध्ये गेला; दर्यावर नाही, घरी, जेवता जेवता. त्याची बोट आता विकायला निघणार म्हणून चार जण टपून बसले होते. पण गिरिजा पंचवीस वर्षं बंदरावर मासळीचा लिलाव पुकारलेली बाई. बाराव्याचं जेवण आटोपलं आणि तिनं सांगून टाकलं, "बोट जाईल. माझ्या नावानं जाईल." जेटी तोंडावर गप्प बसली आणि पाठीमागे हसली. बाईच्या हाती बोट! पहिल्याच दिवशी बंदरात अडकून पडते की नाही बघा, असं म्हणणाऱ्यांनी बघायला जागासुद्धा धरून ठेवल्या होत्या.

इंजिन तीस वर्षांचं. पावसाळाभर उभ्या बोटीत खाऱ्या हवेनं त्याचा अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र, खाऊन टाकला होता. नवा आणला तो वेगळ्या बनावटीचा. बसवायची भोकं जुळेनात, वायरींची टोकं भलत्याच बाजूला. भोजण्णानं पट्टी कापून नवी बैठक केली, बॅटरीकडे जाणारी जाड वायर बदलली, अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला. हे करताना जुनं इंजिन बनवणाऱ्याला, नवा अल्टरनेटर बनवणाऱ्याला आणि खाऱ्या हवेला, तिघांनाही समान शिव्या घातल्या. शेवटी चावी फिरवली. पॅनेलवरचा लाल दिवा पेटला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. दिवा विझला म्हणजे चार्जिंग चालू. भोजण्णानं हात पुसले आणि घरी जाऊन बांगड्याचं सार आणि उकड्या तांदळाचा भात जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट हाकणारा तांडेल लोकू मेंडन सगळे दिवे, वायरलेस, मासे शोधायचं यंत्र असं सारं लावून बोट फिरवून आला. आणि बंदी उठल्याच्या सकाळी, आजूबाजूच्या बोटी एकेक करून बाहेर पडत असताना, गिरिजक्काच्या बोटीनं स्टार्टर दाबल्यावर फक्त 'टक्' म्हटलं. बॅटरी मेलेली.

"भोजण्णा!" लोकू जेटीवरून असा ओरडला की उडुपीपर्यंत जावं. "तुमचा नवा अल्टरनेटर उपास करतोय का हो? काल दिवसभरात बॅटरीला घासभर घातलं नाही त्यानं!"

भोजण्णा आला. शेजारच्या बोटीची बॅटरी लावून इंजिन सुरू केलं. मीटर लावला. चौदा व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा, तो बाराच्या पुढे सरकेना. बेल्ट ठीक. जाड वायर ठीक. अर्थिंग ठीक. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, पुन्हा ठीक. वर जेटीवर माणसं जमत चालली होती आणि इंजिनखान्यात भोजण्णाला घाम फुटला. इंजिन तापलं होतं हे खरं, पण हा घाम त्याचा नव्हता. आपले हात म्हातारे झाले की काय, ही शंका आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आली आणि तो घाबरला. सरळ सांगायचं तर फार घाबरला. दुसऱ्यांच्या म्हातारपणावर त्यानं इतके विनोद केले होते की आपल्यासाठी एकही शिल्लक नव्हता.

तो केबिनमध्ये चढला आणि थबकला. इंजिन धडधडत होतं आणि पॅनेलवरचा लाल दिवा पेटलेलाच होता. खाली जाऊन त्यानं अल्टरनेटरवरची दिव्याकडे येणारी बारीक वायर उपसली. आता दिवा विझायला हवा. वर येऊन पाहतो तर दिवा मजेत. इंजिन बंद करून त्यानं पॅनेल उघडलं. कुणीतरी दिव्याचं एक टोक थेट बॅटरीला जोडून दुसरं अर्थिंगला दिलं होतं. अल्टरनेटरची वायर मागे नुसतीच लोंबत होती. वर चिकटपट्टीचे असे वेढे, जणू मोडलेल्या पायाचं बँडेज.

भोजण्णाच्या तोंडाला पाणी सुटलं. अडतीस वर्षांतला सर्वांत झकास टोमणा ओठांवर आला, ऐकायला अख्खी जेटी हजर. तेवढ्यात दारातून गिरिजक्काचा आवाज आला.

"त्या दिव्याला हात लावू नकोस, भोजण्णा. परवा तू गेल्यावर आम्ही इंजिन सुरू केलं आणि बोब्बर्यासमोरचा दिवा विझला. हे गेल्यानंतरची पहिलीच खेप. मला बघवेना. मीच लोकूला म्हटलं, कायम तेवत राहील असं कर."

पॅनेलच्या बरोबर वर दर्याच्या राखणदाराची, बोब्बर्याची तसबीर होती, ताज्या अबोलीच्या माळेसह. दर्यावर त्याच्यापुढचा दिवा विझू देत नाहीत. शीनाला ठाऊक होतं कुठला दिवा कशाचा. त्यानं हे बायकोला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अक्का," भोजण्णा हळू आवाजात म्हणाला, "हा देवाचा नाही, अल्टरनेटरचा दिवा. नव्या अल्टरनेटरला जागं व्हायला आधी चिमूटभर करंट चाटवावा लागतो, तो या दिव्यातून जातो. जागा झाला की दिवा आपोआप विझतो. विझणं हेच त्याचं चांगलं लक्षण."

गिरिजक्कानं तोंडावर हात घेतला. "म्हणजे बोट मीच अडकवली? अरे देवा. आणि ते सगळे बाहेर..."

"हळू बोल. बाहेरच्यांचे कान फार तिखट आहेत."

त्यानं वायर जागच्या जागी जोडली. पिशवीतून एक छोटा दिवा काढून तसबिरीखाली थेट बॅटरीवर लावून दिला. इंजिन सुरू केलं. पॅनेलचा दिवा विझला, बोब्बर्याचा तेवत राहिला, मीटर चौदावर जाऊन बसला.

तो जेटीवर चढताच लोकूनं विचारलं, "काय होतं हो, अण्णा?"

"काही नाही. माझीच चूक. एक वायर लावायची राहिली होती."

लोक हसतील अशी त्याची तयारी होती. हसलं कुणीच नाही. "वय झालं अण्णा, व्हायचंच," लोकू चक्क मायेनं म्हणाला, आणि ती माया कानाखाली बसली. शेजारच्या बोटीचा मालक विठ्ठल सुवर्ण घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, माझ्या बोटीचं राहू दे हं. मंगळूरचा माणूस येतोय म्हणाला. तुम्ही आता जरा आराम करा."

"कर, कर. त्याच्याकडे मीटर आहे," भोजण्णा म्हणाला. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. तो पिशवी उचलून वळला.

"ए विठ्ठला!" गिरिजक्का बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभी राहून लिलावाच्या आवाजात ओरडली. "लोकू, तूही ऐक! भोजण्णाचं काम परवाच बरोबर झालं होतं. वायर मी काढायला लावली आणि या लोकूनं काढली. बाईनं बोट अडकवली म्हणून हसायचंय ना? हसा, आत्ताच हसून घ्या, मला बोट सोडायचीय!"

विठ्ठल पायाच्या अंगठ्यानं जेटी कोरू लागला. लोकू दोर सोडायला इतक्या घाईनं धावला की स्वतःच त्यात अडखळला.

भोजण्णाचे डोळे भरून आले होते, म्हणून तो भयंकर चिडला. "तुला काय गरज होती गं अक्का? अडतीस वर्षांत एक चूक कबूल केली मी, तीसुद्धा तू माझ्याकडे राहू दिली नाहीस!"